रिकामा डोळा

"ती सुई घिऊ नका. तिनं धागा फाटतोय."

धारूरच्या बाजारात, कटलरीच्या दुकानात, रिबिनी आणि टिकल्यांच्या पाकिटांमध्ये उभी असलेली ऋतुजा गर्रकन वळली. हातात क्रोशाची सुई तशीच. मागं एक पोरगा उभा. निळा शर्ट, हाताला संक्रांतीच्या वाणाची पिशवी, आणि चेहरा असा, की आपण तोंड उघडलंच कशाला असं त्याचं त्यालाच वाटायला लागलंय.

"तुमाला कुनी इचारलं?"

"कुनी न्हाई."

"मग?"

"मग... घ्या तुमी. माझं काय जातंय."

आता असं कुणी म्हटल्यावर ती सुई कोण घेईल? ऋतुजानं ती काउंटरवर ठेवली आणि कमरेवर हात देऊन विचारलं, "मला कशाला पायजे ते तरी म्हाईत हाय का?"

"घोंगडीच्या मागाची वही भरायचीय. आत्ताच दुकानदाराला सांगितलं की तुमी. सगळ्या दुकानानं ऐकलं."

बोलता बोलता त्यानं शर्टाच्या खिशाला हात घातला. पोरं खिशाला पेन लावतात, ह्या बाबानं तिथं भलतंच काही लावलं होतं. लाकडी मुठीची, वीतभर लांब, चपटी पोलादी काडी. टोकाशी एक खाच, इतकी बारीक की ऋतुजाला ती बघायला वाकावं लागलं. वाकली तेव्हा त्याचा हात थोडा मागं सरकला, हे तिच्या लक्षात आलं. आपल्याला हसू आलंय, हेही लक्षात आलं.

"ह्याला आकडा म्हनत्यात," तो म्हणाला. "गोल सुई धाग्यात घुसती. ही चपटी असती. डोळ्यातनं जाती आन धागा घिऊन येती. धाग्याला कळतसुदीक न्हाई."

"द्या मग मला."

"देत न्हाई."

"कावून?"

"माझ्या हाताला बसलाय त्यो. दुसऱ्याच्या हातात तिरपा चालतोय."

"मग दाखवला कशाला?"

त्यानं आकडा परत खिशाला लावला. दुकानदार खुदकन हसला. आणि ऋतुजाच्या तोंडून, देवाशपथ विचार न करता, निघून गेलं, "मग आकड्यासकट तुमीच चला!"

बोलली, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली.

पोराचं नाव अजिनाथ. गाव शिरूर कासार. आईबाप दरवर्षीसारखे ऊसतोडीला कारखान्यावर, आणि हा इचलकरंजीत, वहीफणीच्या कामावर. म्हणजे दिवसभर एकच काम, मागावर चढायच्या आधी ताण्याचे, म्हणजे उभे, धागे वहीतून आणि कंगव्यासारख्या फणीतून ओवायचे. हंगामात आईला येता येईना, म्हणून थोरल्या बहिणीचं वाण घेऊन तो धारूरला आला होता. बहीण म्हणजे सत्यशीलाताई. तिचं घर ऋतुजाच्या वस्तीच्या वाटेवरच, आणि दोन्ही घरं मेंढरंवाल्यांची, त्यामुळं ओळख जुनी. सत्यशीलाताईनं ऐकलं आणि म्हणाली, "जा की रं. घरी बसून माझ्या भाकरी मोजण्यापरीस कुनाच्या तरी कामी ये." झालं. हरकत घ्यायला कुणी उरलंच नाही.

आता वही म्हणजे शाळेतली नव्हे. मागावर दोऱ्यांची एक उभी जाळी टांगलेली असते. तिच्या प्रत्येक दोऱ्याला मधोमध एक डोळा. ताण्याचा प्रत्येक धागा अशा एकेका डोळ्यातून जावा लागतो. अशा दोन वह्या. एक धागा पहिलीतून, पुढचा दुसरीतून, परत पहिलीतून. खाली पायानं पावडी दाबली की अर्धे धागे वर जातात, अर्धे खाली, आणि मधल्या वाटेनं आडवा धागा घेऊन धोटा पळतो. घोंगडी अशी होते.

ऋतुजाच्या घरचा माग तिच्या आत्याचा, कडूबाईचा. आत्या लवकर विधवा झाली, माहेरी आली, आणि शेडातल्या खड्ड्यात पाय सोडून मागावर बसली ती बसलीच. लहानपणी ऋतुजा त्या खड्ड्याच्या काठावर पोट टेकून पडायची आणि धागे वरखाली होताना बघायची. शाळा झाली, कॉलेज झालं, तरी तिचं ते बघणं काही सरलं नाही. पण मधल्या काळात आत्याचा एक डोळा गेला, दुसरा अंधूक झाला, माग बंद पडला. बंद मागावर उंदरांनी काय केलं असेल? दोन्ही वह्या कुरतडून खाल्ल्या.

आणि खरी गोची इथंच होती. ह्या घरात वही ओवायची पाळीच कधी आली नव्हती. जुना ताणा संपत आला की त्याच्या टोकांना नव्याचे धागे पिळून जोडायचे आणि पुढं ओढायचं, आत्याच्या बापापासून हेच चालत आलेलं. धागे डोळ्यातून कधी निघालेच नाहीत, तर परत घालायचे कसे, हे कुणाला माहीत असणार? ऋतुजानं नव्या वह्या मागवल्या, चिंचोक्याची खळ लावून ताणा तयार केला, आणि तिथं येऊन अडली. सायकलची तार वाकवून बघितली, केसांची पिन वाकवून बघितली. धागे नुसते तुटत होते.

त्यात तिच्या वडिलांनी, आप्पारावांनी, माग देऊन टाकायचं ठरवलेलं. संभाजीनगरच्या एका हॉटेलवाल्यानं फोटो बघितला होता. त्याला तो दर्शनी भागात ठेवायचा होता, वर पिवळा दिवा लावून, शेजारी पितळी हंडा मांडून. संक्रांतीला टेम्पो येणार होता. ऋतुजा रडली, भांडली, दोन वेळा जेवली नाही. शेवटी आप्पा म्हणाले, "संक्रांतीला टेम्पो यायच्या आत मागावर हातभर कापड दाव. टेम्पो रिकामा पाठवतो. न्हाई जमलं, तर पुन्यांदा मागाचं नाव काढायचं न्हाई."

आप्पांनी हे शांतपणे सांगितलं, कारण जमणार नाही ह्याची त्यांना खात्री होती.

अजिनाथ पहिल्यांदा शेडात आला तेव्हा दारात चपला काढून तसाच उभा राहिला. नुसता बघत.

"काय झालं?" ऋतुजानं विचारलं.

"आमच्याकडं सगळं लोखंडाचं असतंय ओ. ह्यो..." त्यानं मागाच्या लाकडाला हात लावला. घासून घासून ते लाकूड काचेसारखं गुळगुळीत झालेलं. "किती जणांचं हात लागलं असतील ह्याला?"

शेडाच्या दाराशी उन्हात कडूबाई आत्या चातीवर लोकर कातत बसली होती. तिला दिसत कमी होतं, पण कान असे की शेजारच्या वस्तीवर भांडं पडलं तरी ताट होतं का तांब्या ते सांगेल. ती तिथूनच बोलली, "लेकरा, बसायच्या आधी एक ऐक. ह्या मागाचा नेम हाय. ज्याच्या हातनं चूक होईल, त्यानं हत्यार खाली ठिवायचं आन मागं जाऊन धागा द्यायचा. मोठा असो, पावणा असो. चालंल का?"

"चालंल की आत्या," अजिनाथ ऐटीत म्हणाला. "तशी पाळी यायची न्हाई. आपला डोळा चुकत न्हाई."

"आरं वा," ऋतुजा म्हणाली. "बघू की."

काम दोघांचं असतं. एकानं मागच्या बाजूला बसायचं, काठ्यांवर ओळीनं राखलेल्या धाग्यांतला पुढचा धागा नेमका वेचायचा आणि वहीशी धरायचा. दुसऱ्यानं समोर बसायचं, आकडा डोळ्यातून पलीकडं घालायचा, धागा पकडायचा आणि ओढायचा. मधे वहीच्या दोऱ्यांचा झिरझिरीत पडदा. म्हणजे समोरासमोर, हातभर अंतरावर, आणि तरी मधे आडोसा. ही मांडणी ज्यानं कुणी पहिल्यांदा केली, त्याला आपण काय करून ठेवतोय ह्याची कल्पना नसावी.

अजिनाथचा आकडा आत आला. ऋतुजानं त्याच्या खाचेला धागा टेकवला. धागा गेला.

तिनं परत बघितलं. आकडा आला, धागा गेला. कसा गेला ते दिसलंच नाही. जिच्यापायी ती आठवडाभर रडकुंडीला आली होती, जी खळ लावलेली काळी खरबरीत लोकर तिच्या बोटांत उसवत होती, ती ह्याच्या आकड्यावरून मुकाट्यानं चालली होती. त्याचा हात हलतोय असंही वाटत नव्हतं. मनगट तेवढं वळायचं. पत्र्याच्या फटीतून एक उन्हाची तिरीप वहीवर पडली होती आणि आकडा तिच्यातून गेला की क्षणभर चमकायचा. ऋतुजाच्या अंगावर काटा आला. खरोखरचा काटा. तिनं बाही खाली ओढून घेतली.

"धागा," तो म्हणाला.

"आं?"

"धागा द्या की. आकडा कवाचा वाट बघायलाय."

"आकडा, का तुमी?" ती हसली.

पडद्याआड आकडा क्षणभर अडखळला. दारातली चाती फिरायची थांबली, आणि परत फिरायला लागली.

असे दिवस गेले. सकाळी तो यायचा, दुपारी वस्तीवरचीच भाकरी आणि ठेचा खायचा, ऊन कलल्यावर जायचा. ऋतुजाची बोटं सरावली. पुढं पुढं तर आकडा आत यायच्या आधीच तिचा धागा तयार असायचा. दोघांच्या हातांना एक लय सापडली आणि तोंडं मोकळी झाली. त्यानं इचलकरंजीच्या मागांचा आवाज सांगितला, दोन माणसं शेजारी बसून खुणांनी बोलतात म्हणे. तिनं मेंढीच्या करड्या लोकरीत काळी लोकर किती मिसळायची ते सांगितलं.

"तुमाला कटाळा न्हाई येत?" तिनं एकदा विचारलं. "दिसभर तेच ते."

"आधी यायचा."

"आन आता?"

"आता मधी मधी वाटतंय, धागं संपू न्हाईत."

ती हसायची राहिली. हातातला धागा तसाच धरून तिनं दोऱ्यांच्या फटीतून बघितलं. तो खाली बघत होता आणि आकड्याची मूठ उगाचच पुसत होता. तिला घाबरायला झालं. आनंदही इतका झाला की कुणाला तरी सांगावंसं वाटलं, आणि सांगायला समोर होता तो एकटाच.

"ऋते," दारातून आत्या म्हणाली, "चहा टाक. घसा सुकला माझा ऐकून ऐकून."

भोगीचा दिवस उजाडला. चुलीवर भोगीची भाजी रटरटत होती, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीचा वास शेडापर्यंत येत होता. वह्या भरत आल्या होत्या. दुपारपर्यंत संपणार, मग फणीतून धागे काढायचे, सकाळी उठून विणायला बसायचं. हातभर कापड सहज झालं असतं. ऋतुजा सकाळपासून गुणगुणत होती.

अजिनाथ मात्र आल्यापासून गप्प. आकडा हातात घेतला, वहीत घातला... आणि तसाच थांबला.

"धागा धरलाय की," ती म्हणाली.

"ऋतुजा." त्यानं तिचं नाव पहिल्यांदाच घेतलं होतं. पण ते असं, की तिचा हात खाली आला. "म्या चुकलोय."

"कुठं?"

"पैल्या दिवशीच. तिकडं, डाव्या काठाजवळ. एक डोळा रिकामा राहिलाय. दोन धागं लागोपाठ एकाच वहीत गेल्यात."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. दोन शेजारचे धागे एकाच वहीत, म्हणजे दोघंही एकदम वर, दोघंही एकदम खाली. घोंगडीत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ. आणि ती काढायची, तर तिथून पुढचे सगळे धागे उपसायचे. सगळे.

"कवा कळलं तुमाला?"

"तवाच. चार-दोन धागं पुढं गेलो आन दिसलं."

"तवाच?" तिचा आवाज चढला. "मग बोलला कावून न्हाई? घटकाभरात झालं असतं की तवा!"

"तुमी हासला हुतात," तो म्हणाला. कान लालभडक झालेले. "आकडा का तुमी, आसं म्हनला आन हासला. म्या तुमच्याकडं बघितलं आन डोळा सुटला. आन त्याच्या आदी घटकाभर म्या ऐट मारली हुती, आपला डोळा चुकत न्हाई म्हनून. लाज वाटली. तुमच्यासमोर आकडा खाली ठिवायची लई लाज वाटली. म्हनलं सांगू उद्या, सांगू परवा..."

"आन आज सांगायलाव? आज? उद्या टेम्पो येनार आन आज?"

"न सांगता चाललं असतं," तो हळू म्हणाला. "त्या रेघंचं कुनाला काय कळतंय? आप्पांना कापड दिसलं असतं, माग ऱ्हायला असता. रात्रभर ह्योच इचार केला म्या. पर तुमची पैली घोंगडी हाय ही. तुमी तिच्यावर हात फिरवला असता, तवा रेघ लागली असती हाताला. मला न्हाई सोसलं."

ऋतुजा उठली. शेडाच्या बाहेर गेली, बाभळीखाली उभी राहिली. एवढी चिडली होती की बाभळीची साल नखांनी ओरबाडत राहिली. माझ्या मागाचा जीव टांगणीला आणि ह्याला ऐट सुचते! आणि त्याच रागात तिला हेही दिसत होतं, की गप्प बसणं त्याला किती सोपं होतं. उद्या तो हसतमुखानं तिळगूळ घेऊन निघून गेला असता. तिनं त्याला देवमाणूस समजलं असतं. आणि रेघ घोंगडीत राहिली असती.

आत्या चाती धरून बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं, हे सांगायला नको.

"आत्या, काय करू?"

"माग कुनाला चालवायचाय?"

"मला."

"मग मला कावून इचारतीस?"

ऋतुजा आत आली. डाव्या काठाजवळ वाकून तिनं दोऱ्या बाजूला करत करत तो डोळा शोधला. होता. एवढासा, रिकामा. त्यातून पलीकडची भिंत दिसत होती. तिनं श्वास घेतला आणि पलीकडचा पहिला धागा सर्रकन ओढून बाहेर काढला. मग दुसरा. मग मूठभर धरून. अजिनाथ नुसता बघत राहिला. इतक्या दिवसांचं काम तिच्या मुठीतून काळ्या झिपऱ्यांसारखं खाली पडत होतं.

"आकडा," तिनं हात पुढं केला.

त्यानं दिला. निमूटपणे. आणि मागं जाऊन, धागे द्यायच्या जागी बसला.

आकडा खरंच तिरपा चालत होता. पहिले धागे तुटले, बोटाला खाच लागली, एकदा तर डोळ्याऐवजी नुसत्या दोऱ्याच उचलल्या. ती त्याच्याशी बोलत नव्हती, आणि तोही बोलत नव्हता. फक्त तिच्या आकड्याला लागेल तिथं, लागेल तेवढ्या उंचीवर, धागा आणून धरत होता. आणि मग केव्हातरी, भाजी-भाकरी खाऊन परत बसल्यावर, आकडा आत गेला आणि धागा असा आला, की तिला कळलंही नाही. तिचे डोळे भरून आले. म्हणजे हे असं असतं तर! एवढ्याशा खाचेत, एवढासा धागा, आणि त्यात आपला सगळा जीव गोळा होऊन बसतो.

"आला," पडद्याआडून तो कुजबुजला. त्याच्या आवाजात तिच्याइतकंच नवल होतं.

"बोलू नका माझ्याशी," ती म्हणाली. पण राग पुष्कळसा उतरला होता.

त्या रात्री आत्याच्या सोबतीनं, दिवा लावून, दोघं ओवत राहिले. संक्रांतीला उन्हं वर आली आणि टेम्पोचा हॉर्न वाजला. मागावर हातभर सोडा, बोटभरही कापड नव्हतं. अर्ध्याहून थोडे जास्त धागे ओवून झाले होते, बाकीचे मागं लोंबत होते. आप्पाराव शेडात आले. नवा पटका बांधलेला, चेहरा मवाळ, भांडण जिंकलेल्या माणसाचा असतो तसा.

"काय गं, कापड कुठं हाय?"

"न्हाई झालं, आप्पा," ऋतुजा म्हणाली. आकडा हातातच होता.

"चूक माझी हाय," अजिनाथ उठून उभा राहिला. "तिची न्हाई. म्या एक डोळा सोडला, आन लपवला. काल सांगितलं. तिनं सगळं उपसून परत भरायला घेतलं."

आप्पांनी त्याच्याकडं नीट बघितलं. "काल सांगितलं. आन सांगितलं नसतं तर?"

"तर आज कापड दिसलं असतं तुमाला. रेघ मातर ऱ्हायली असती."

"कुनाला दिसली असती?"

"कुनालाच न्हाई."

"मला दिसली असती," ऋतुजा म्हणाली.

आप्पा पुढं आले. मागाच्या लाकडावर हात ठेवून उभे राहिले. "मला ह्यो माग डोळ्यासमोर नको हाय, पोरी. ह्यानं माझ्या बहिनीचं डोळं खाल्लं. उद्या तुझं खाईल. म्या बघत बसू?"

एवढ्या महिन्यांत हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. ऋतुजाला वाटायचं, आप्पांना जागा हवीय, कडबा ठेवायला.

"आरं खुळ्या!" दारातून कडूबाई आत्या म्हणाली. "मागानं कावून खाईल डोळं? मोतीबिंदू हाय म्हनला डाक्टर. ऑप्रेशन करा म्हनला. म्याच भिले. तुला खोटंच सांगितलं, काई इलाज न्हाई म्हनून." ती चाती खाली ठेवून चाचपडत आत आली. "ह्या पोरानं आपली लाज बाजूला ठिवून खरं सांगितलं. मग मला म्हातारीला काय धाड भरलीय खरं बोलायला?"

आप्पांनी बहिणीकडं बघितलं. त्यांना रागवावं का रडावं हे कळेना.

"हितं ये," आत्या म्हणाली. "पाय सोड खड्ड्यात. दाब ती पावडी."

"आर्धंच हाय ते."

"दाब तर खरं."

आप्पाराव पटका सावरत काठावर बसले. जन्मभर मेंढरांमागं हिंडलेला माणूस, ह्या खड्ड्यात त्यांनी कधी पाय घातला नव्हता. त्यांनी पावडी दाबली.

वही उचलली गेली. आणि तेवढ्या अर्ध्या ताण्यात, एकाआड एक, सगळे धागे एकदम वर आले आणि बाकीचे खाली गेले. मधे एक वाट उघडली. लांब, सरळ, इथून तिथपर्यंत. एकही धागा चुकला नाही, एकही दुसऱ्याला अडला नाही. जी लोकर आप्पांनी स्वतः कातरली होती, गोण्यांत कोंबली होती, ती अशी शिस्तीत उभी राहून वाट देईल हे त्यांनी कधी मनातही आणलं नव्हतं. त्यांनी पाय सोडला, वाट मिटली. परत दाबला, परत उघडली.

"हे समदं..." शेवटी ते म्हणाले, "हे एकेक करून घातलंस तू?"

"व्हय आप्पा."

"आन पुढचं कवा व्हईल?"

ऋतुजानं बाहीनं डोळे पुसले. उत्तर अजिनाथनं दिलं, "बसलो तर उद्यापस्तोर."

बाहेर ड्रायव्हरनं परत हॉर्न दिला. आप्पा उठले, धोतर झटकलं, आणि दारात जाऊन ओरडले, "आरं, कशाला बोंबलायलास? ये, तिळगूळ खा, च्या पी, आन जा मागारी. माग चालू हाय हितला. मालकाला सांग, दिवा दुसऱ्या कशावर लाव म्हनावं."

जाता जाता ते थांबले. अजिनाथकडं वळून म्हणाले, "पावणं, आईवडील कारखान्यावरनं कवा येत्यात?"

"पट्टा पडला की. उसाचा हंगाम सरला की येतेल."

"बरं. पट्टा पडला की आमी दोघं भाऊ-बहीन येतो मग शिरूरला. डाक्टरनं आत्याला डोळं दिलं तर तीबी पोरगं बघून घील." आणि मागं न बघता निघून गेले.

ऋतुजाच्या हातातून आकडा निसटून मातीत पडला. अजिनाथ जिथं उभा होता तिथंच खिळलेला. कडूबाई आत्या स्वतःशीच हसत, भिंत धरत बाहेर पडली, आणि पहिल्यांदाच दारात न बसता थेट चुलीकडं गेली.

दोघं उरले. मधे वही, अर्धी भरलेली.

"बसा की," ती म्हणाली. "धागं ऱ्हायल्यात."

तो मागं जाऊन बसला. तिनं आकडा पुसला, डोळ्यात घातला. पलीकडून धागा येईना.

"कुठं बघायलाव?"

"तुझ्याकडं," तो म्हणाला. "लई दिवस झालं, तुझ्याकडंच बघायलोय. आवडतीस तू मला. आकडा कुनाला देत न्हाई म्या. कालच्याला तू मागितला, आन देताना मला वाटलं, ह्यो आता हितंच ऱ्हावा. मीबी."

तिला खूप काही बोलायचं होतं. त्याच्या ऐटीबद्दल दोन शब्द सुनवायचे होते, इचलकरंजी सोडशील का ते विचारायचं होतं, आईबापांना काय सांगशील तेही. पण तिनं दोऱ्या बाजूला सारल्या, चेहरा त्या फटीशी नेला आणि त्याच्याकडं डोळे भरून बघितलं. आता मधे काही नव्हतं.

"मलाबी तूच पायजे," ती म्हणाली. "मागापरीस जरा जास्तच. पर हे मागाला कळू दिऊ नको."